टेनेसी वॉल्ट्झ: तबकडीच्या मागच्या बाजूला टाकलेल्या गाण्याचं प्रकरण

जुनं गाणं कुणी नव्याने गायलं की आपल्याकडे पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते, मूळ गाण्याची सर नाही. बऱ्याचदा ते खरंही असतं. पण त्यातून एक समज पक्का झालाय की गाण्याचा खरा मालक म्हणजे ते पहिल्यांदा गाणारा आणि बाकीचे सगळे त्याच्या जिवावर जगणारे, आणि हा समज मला अजिबात पटत नाही. काही गाणी पहिल्या आवाजात जन्मतात पण मोठी होतात तिसऱ्या-चौथ्या आवाजात, आणि मधला जो आवाज त्यांना इकडून तिकडे पोचवतो त्याचं नावसुद्धा कुणाला माहीत नसतं. अमेरिकन कंट्री संगीतातलं 'टेनेसी वॉल्ट्झ' (टेनेसी हे अमेरिकेतलं एक राज्य आणि वॉल्ट्झ हा जोडीने करायचा नाच) हे माझ्या मते याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण, म्हणून हे एकच प्रकरण नीट उलगडून बघूया.

प्रकरण थोडक्यात असं. १९४८ च्या जानेवारीत हे गाणं रेकॉर्डवर आलं, कंट्रीच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत तिसऱ्या नंबरपर्यंत चढलं, चांगलं चाललं आणि मग बाजूला पडलं. जवळजवळ तीन वर्षांनी, १९५० च्या शेवटी, तेच गाणं एका पॉप गायिकेच्या आवाजात एका ख्रिसमसच्या गाण्यामागे बी-साइडला, म्हणजे तबकडीच्या मागच्या बाजूला, टाकलं गेलं, आणि ते अख्ख्या देशात पहिल्या नंबरवर जाऊन तिथे ९ आठवडे ठाण मांडून बसलं. शब्द तेच आणि चालही तीच, मग मधल्या तीन वर्षांत असं झालं तरी काय?

सुरुवात एका गाडीत होते. पी वी किंग हा अ‍ॅकॉर्डियन वाजवणारा बँडलीडर आणि त्याच्या बँडमधला गायक-फिडलवाला रेड स्टुअर्ट रात्रीचा प्रवास करत होते, साल १९४६. रेडिओवर बिल मन्रो या गायकाचं 'केंटकी वॉल्ट्झ' लागलं. स्टुअर्ट म्हणाला, केंटकीवर वॉल्ट्झ आहे मग टेनेसीवर कसं कुणी लिहिलं नाही? किंगच्या बँडकडे एक धुन आधीपासून होती, शब्द नसलेली, तिला ते 'नो नेम वॉल्ट्झ' म्हणायचे. स्टुअर्टने काडेपेटीचं खोकं घेतलं, त्याच्या मागे शब्द लिहायला लागला आणि त्या बिननावाच्या धुनेला नाव मिळालं.

या दोघांबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण कंट्री म्हटलं की दक्षिणेतल्या डोंगराळ भागातला गिटारवाला माणूस डोळ्यांसमोर येतो आणि किंग त्यात कुठेच बसत नाही. त्याचं खरं नाव ज्युलियस फ्रँक कुझिन्स्की, पोलिश वंशाचा, उत्तरेतल्या विस्कॉन्सिनचा, म्हणजे पोल्का आणि वॉल्ट्झ ऐकत वाढलेला. १९३७ मध्ये तो आपला 'गोल्डन वेस्ट काउबॉईज' बँड घेऊन नॅशव्हिलच्या 'ग्रँड ओल ऑप्री' या रेडिओ कार्यक्रमात आला. युरोपातनं आलेल्या लोकांचा नाच, त्यावर दक्षिणेतली विरहाची कहाणी आणि वर काउबॉयचे कपडे, म्हणजे 'अस्सल' कंट्री म्हणून ज्याला मानतात ते मुळातच किती मिसळलेलं होतं बघा. स्टुअर्ट दुसऱ्या महायुद्धात सैन्यात होता, घरापासून दूर राहून मागे सुटलेल्या माणसांवर लिहिणं त्याला नवीन नव्हतं.

गाणं गेलं 'अकफ-रोझ' कंपनीकडे. ही नॅशव्हिलमधली गाण्यांचे हक्क सांभाळणारी कंपनी, १९४२ मध्ये गायक रॉय अकफ आणि गीतकार फ्रेड रोझ यांनी काढलेली. फ्रेड रोझला दुसऱ्यांच्या गाण्यावर शेवटचा हात फिरवायची कमाल दृष्टी होती. मूळ मसुद्यात मधल्या भागात 'टेनेसी वॉल्ट्झ' हे शब्द नुसते दोनदा आळवले होते. रोझने त्यातला एक आळव काढला आणि तिथे 'ती रात्र मला आठवते' अशा अर्थाची ओळ टाकली. एवढाच बदल, पण त्याने गाण्याला काळ मिळाला, म्हणजे आता गाणारा माणूस त्या रात्रीनंतर कितीतरी वर्षांनी बोलतोय असं वाटायला लागतं आणि दुःख ताजं न राहता मुरलेलं होतं. मला हे गाणं घडण्यातला सगळ्यात महत्त्वाचा क्षण हाच वाटतो आणि गंमत म्हणजे रोझचं नाव गीतकारांमध्ये नाही, श्रेय स्टुअर्ट आणि किंगचं.

गोष्ट काय आहे गाण्यात? आपल्या माणसाबरोबर नाचत असताना जुना मित्र किंवा मैत्रीण भेटते, ओळख करून दिली जाते, ती दोघं नाचायला लागतात आणि त्या नाचातच तो मित्र आपलं माणूस घेऊन जातो. बस. भांडण नाही, शिव्याशाप नाहीत, पुढे काय झालं ते नाही. आणि दोन गोष्टी अशा आहेत ज्यामुळे हे गाणं कुणालाही गाता येतं. एक म्हणजे 'मित्र'साठीच्या मूळ इंग्रजी शब्दावरून तो पुरुष की बाई हे कळत नाही, गाणारी बाई असेल तर फक्त एखाददुसरं सर्वनाम बदलायचं की झालं. दुसरी गोष्ट जास्त विलक्षण आहे. गाण्यातली जोडी ज्यावर नाचते ते गाणंसुद्धा 'टेनेसी वॉल्ट्झ'च आहे, पण ते आतलं गाणं आपल्याला कधीच ऐकू येत नाही, आपण ऐकतो ती त्याची आठवण. म्हणून प्रत्येक नवा गायक जणू ते हरवलेलं आतलं गाणं शोधायला निघतो आणि प्रत्येकाला ते वेगळं सापडतं.

तालाचं सांगायचं तर वॉल्ट्झ तीन मात्रांच्या आवर्तनात चालतो, पहिल्या मात्रेवर वजन आणि पुढच्या दोन हलक्या. आपल्या कानाला दादऱ्याच्या सहा मात्रांची सवय असते त्यामुळे ही लय पटकन आपलीशी वाटते, आणि गोव्यातल्या कॅथलिक लग्नांत ज्यांनी जोडप्यांना वॉल्ट्झवर गिरक्या घेताना पाहिलंय त्यांना हेही कळेल की या नाचात जोडीदार किती जवळ असतो आणि तो दुसऱ्याच्या हातात देणं म्हणजे नेमकं काय.

आता रेकॉर्डिंग. किंगच्या बँडने हे २ डिसेंबर १९४७ ला शिकागोमध्ये आरसीए व्हिक्टर या कंपनीसाठी गायलं, आवाज स्टुअर्टचा. त्या महिन्यात सगळ्याच कंपन्या घाईघाईने गाणी भरून ठेवत होत्या कारण १ जानेवारी १९४८ पासून वादकांच्या युनियनने रेकॉर्डिंगवर बंदी जाहीर केली होती. त्याच सुमारास काउबॉय कोपासनेही ते किंग रेकॉर्ड्स या कंपनीसाठी गायलं (कंपनीचा आणि पी वी किंगचा नावापलीकडे संबंध नाही). हा कोपास आधी याच बँडचा गायक होता. दोन्ही रेकॉर्ड कंट्रीत तिसऱ्या नंबरपर्यंत गेल्या आणि रॉय अकफनेही गायलं. म्हणजे कंट्रीच्या घरात गाण्याला पूर्ण मान मिळाला होता, आणि तरी घराबाहेर त्याला कुणी ओळखत नव्हतं कारण तेव्हा कंट्रीची यादी वेगळी, पॉपची वेगळी आणि काळ्या संगीतकारांची वेगळी, दुकानं आणि रेडिओ स्टेशनंही त्याच हिशोबाने वाटलेली.

आणि इथेच तो मधला आवाज येतो ज्याच्यासाठी मी खरं तर हे सगळं लिहायला घेतलं.

अर्स्किन हॉकिन्स. अलाबामातल्या बर्मिंगहॅमचा ट्रम्पेटवादक, काळ्या वादकांच्या मोठ्या ऑर्केस्ट्राचा प्रमुख, न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या सॅव्हॉय बॉलरूममध्ये नाचणाऱ्यांना वेड लावणारा. 'टक्सीडो जंक्शन' ही त्याच्या बँडची धुन, ती पुढे ग्लेन मिलर या गोऱ्या बँडलीडरने वाजवली आणि बहुतेकांना ती मिलरचीच वाटते. १९५० पर्यंत मोठ्या बँडचे दिवस उतरणीला लागले होते आणि त्या काळात हॉकिन्सने 'टेनेसी वॉल्ट्झ' रेकॉर्ड केलं. स्विंग म्हणजे नाचासाठीचा जॅझ वाजवणाऱ्या एका काळ्या बँडला गोऱ्या काउबॉय बँडचं गाणं का घ्यावंसं वाटलं असेल? मला वाटतं उत्तर सरळ आहे, नाचायला लावणाऱ्या माणसाला नाचाचं चांगलं गाणं कळतं, ते कुठल्या यादीत आहे याने त्याला फरक पडत नाही.

ही रेकॉर्ड पोचली जेरी वेक्सलरच्या कानावर. वेक्सलर तेव्हा 'बिलबोर्ड' साप्ताहिकात काम करायचा. काळ्यांच्या संगीताच्या यादीचं आधीचं नाव 'रेस रेकॉर्ड्स' होतं, ते १९४९ मध्ये काढून तिथे 'रिदम अँड ब्लूज' हे नाव आलं ते याच माणसाच्या सुचवण्यावरून. पुढे तो अटलांटिक रेकॉर्ड्सचा मोठा निर्माता झाला, अरीथा फ्रँकलिनच्या रेकॉर्ड करणारा. तर या वेक्सलरने हॉकिन्सची रेकॉर्ड पॅटी पेजचा मॅनेजर जॅक रेलला सुचवली, की हे तुझ्या गायिकेसाठी बघ.

म्हणजे साखळी नीट बघा. गोऱ्या कंट्री बँडचं गाणं, काळ्या बँडने घेतलं, दोन्हीकडे कान असलेल्या एका माणसाने ऐकलं आणि ते गोऱ्या पॉप गायिकेकडे गेलं. पॅटी पेज थेट किंगच्या रेकॉर्डवरून इथे आलेली नाही, मधला पूल हॉकिन्स आहे. तो पूल नसता तर हे गाणं कंट्रीच्या जुन्या रेकॉर्डांत पडून राहिलं असतं असं मी ठामपणे म्हणेन. तरी गाण्याबद्दल कुठेही वाचा, किंग आणि पेज ही दोन नावं ठळक आणि हॉकिन्स असलाच तर एका ओळीत.

पॅटी पेज म्हणजे ओक्लाहोमाची क्लारा अ‍ॅन फाउलर, तेव्हा मर्क्युरी रेकॉर्ड्सकडे होती. १९५० च्या नोव्हेंबरात कंपनीला तिच्याकडून ख्रिसमसची रेकॉर्ड हवी होती, गाणं ठरलं 'बूगी वूगी सांता क्लॉज'. सगळा जोर त्यावर. मागच्या बाजूला काहीतरी लागतं म्हणून हे. बी-साइडचा उद्देशच तो असायचा, पुढच्या गाण्यावर मात करणार नाही असं काहीतरी टाकायचं.

पण पेजच्या रेकॉर्डमध्ये एक गोष्ट होती जी आधीच्या एकाही रेकॉर्डमध्ये नव्हती. ती स्वतःच्याच आवाजाबरोबर गाते. आधी एकदा गायचं, मग ते वाजत असताना त्यावर दुसरा सूर धरून परत गायचं आणि दोन्ही एकत्र करायचं. हे तिने 'कन्फेस' या गाण्यात आधीच केलं होतं आणि एका गाण्यात तर आपलेच चार आवाज वापरले होते, पण तिथे ते करामत म्हणून ऐकू येतं. 'टेनेसी वॉल्ट्झ'मध्ये त्याला अर्थ आला. हेडफोन लावून ऐका, दुसरा आवाज पहिल्याला अगदी चिकटून चालतो, कुठेही पुढे येत नाही, आणि हळूहळू असं वाटायला लागतं की ही बाई कुणाला काही सांगत नाहीये, ती एकटी बसून स्वतःशीच बोलतेय. ज्या गाण्यात जोडीदारच निघून गेलाय तिथे दुसरा आवाज पण स्वतःचाच, दुसरं कुणी उरलेलंच नाही. स्टुअर्टने शब्द लिहिले, रोझने त्यात आठवण आणली, पण तो एकटेपणा ऐकू आला तो पेजच्या रेकॉर्डमध्ये, आणि म्हणून कव्हरसुद्धा, म्हणजे दुसऱ्याचं गाणं नव्याने गाणं, गाण्याच्या निर्मितीत भागीदार असतं असं मी म्हणतो.

ज्यूकबॉक्सवाले (नाणं टाकलं की गाणं वाजवणाऱ्या यंत्रांचे मालक) आणि रेडिओवाले रेकॉर्ड उलटून वाजवायला लागले. ख्रिसमस संपला की सांताचं गाणं आपोआप संपणारच होतं, मर्क्युरीने नंतर ते काढूनच टाकलं आणि मागे 'लाँग लाँग अगो' घातलं. 'टेनेसी वॉल्ट्झ' पुढची बाजू झालं. पॉपमध्ये पहिलं आलंच, पण पेजची हीच रेकॉर्ड कंट्रीच्या यादीतही दुसऱ्या नंबरपर्यंत गेली, म्हणजे गाणं बाहेर फिरून मोठं होऊन घरी परतलं.

मग तुटून पडले सगळे. लेस पॉल आणि मेरी फोर्ड, जो स्टॅफर्ड, गाय लोम्बार्डो, तिघांच्याही रेकॉर्ड पहिल्या दहात. स्पाइक जोन्सने विडंबन केलं ते पण चाललं. किंगची जुनी रेकॉर्डसुद्धा १९५१ मध्ये परत वर आली. त्यावेळी एक गाणं चाललं की प्रत्येक कंपनी आठवडाभरात आपल्या गायकाकडून तेच गाऊन घ्यायची, दुकानात गिऱ्हाईक गाण्याचं नाव सांगायचं, आवाज कुणाचा हे नंतर. आणि हे कायदेशीर होतं. अमेरिकेच्या १९०९ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे गाणं एकदा रेकॉर्ड होऊन बाजारात आलं की दुसरा कुणीही ते रेकॉर्ड करू शकतो, परवानगी अडवता येत नाही, फक्त ठरलेला दर द्यायचा, तो दर एका प्रतीमागे २ सेंट आणि तो १९७८ पर्यंत तेवढाच राहिला. २ सेंट ऐकायला काहीच नाही पण दहा लाख प्रतींना पूर्ण दराने वीस हजार डॉलर होतात, तेही १९५० चे, आणि रेकॉर्ड कुणाचीही विकली जावो हक्क ज्यांच्याकडे त्यांना पैसे मिळणारच. म्हणजे गायक एकमेकांशी झुंजत होते आणि प्रत्येकाच्या विक्रीतून अकफ-रोझ आणि दोन्ही लेखक कमावत होते. हॉकिन्सला मात्र या व्यवस्थेत काहीच जागा नाही, कारण गाणं त्याने लिहिलेलं नाही आणि आपण ते कसं वाजवलं यावर तेव्हाचा कायदा कुणालाही हक्क देत नव्हता. मला यातला हा भाग आजही खटकतो. चाल आणि शब्द यांची मालकी मोजता येते म्हणून ती दिली जाते, पण गाण्याकडे बघायची नवी नजर देणाऱ्याला कुठलंच खातं नाही.

परिणाम लांबवर झाले. अकफ-रोझला कळलं की कंट्री गाणी न्यूयॉर्कच्या पॉप गायकांना विकता येतात. त्यांच्याकडे हँक विल्यम्स हा कंट्रीतला गीतकार-गायक होता. १९५१ मध्ये टोनी बेनेटने त्याचं 'कोल्ड, कोल्ड हार्ट' गायलं आणि ते पॉपमध्ये पहिल्या नंबरवर गेलं, मग रोझमेरी क्लूनी, जो स्टॅफर्ड अशी रांगच लागली. नॅशव्हिल हे गाणी लिहून विकण्याचं शहर म्हणून ओळखलं जायला लागलं त्यात या एका बी-साइडचा वाटा मोठा आहे.

समुद्रापलीकडेही गेलं. जपानवर अजून अमेरिकन सैन्याचा ताबा होता त्या काळात, १९५२ च्या जानेवारीत, चिएमी एरी नावाच्या १५ वर्षांच्या मुलीने हे गाऊन पदार्पण केलं, थोडं इंग्रजी थोडं जपानी. ती लहानपणापासून अमेरिकन सैनिकांच्या तळांवर गात आली होती. जपानमध्ये कित्येकांसाठी हे गाणं आजही तिचंच आहे.

पण मला सगळ्यात जास्त रमायला होतं ते साठच्या दशकात. सॅम कुक या काळ्या गायकाने १९६४ मध्ये 'एन्ट दॅट गुड न्यूज' या आल्बममध्ये हे घेतलं आणि वॉल्ट्झच काढून टाकला. तीनची लय मोडून सरळ चारचा ठेका, जोरदार, टाळ्या वाजवाव्याशा वाटतील असा. ज्या गाण्यात माणूस रडतो तिथे हा माणूस झालं गेलं ते झालं म्हणून ताठ उभा राहतो. याच आल्बममध्ये 'अ चेंज इज गॉना कम' आहे, नागरी हक्कांच्या चळवळीशी कायमचं जोडलं गेलेलं गाणं. गोऱ्या श्रोत्यांसमोर न्यूयॉर्कच्या कोपाकबाना क्लबमध्ये त्या वर्षी त्याने कार्यक्रम केला, त्याच्या रेकॉर्डवर शेवटचं गाणं 'टेनेसी वॉल्ट्झ' आहे. आणि सिंगल म्हणून ते आलं ते 'गुड टाइम्स'च्या मागे, म्हणजे परत बी-साइडला.

१९६५ मध्ये टेनेसी राज्याने हे आपलं अधिकृत राज्यगीत केलं. पुढच्याच वर्षी ओटिस रेडिंगने ते मेम्फिसमध्ये स्टॅक्स कंपनीसाठी गायलं. किंगने शिकागोत गायलं होतं, पेजने न्यूयॉर्कमध्ये, आणि ही रेकॉर्ड खुद्द टेनेसीत झालेली. मागे वाजवणाऱ्यांत काळे आणि गोरे दोन्ही होते, ज्या राज्यात थोड्याच वर्षांपूर्वीपर्यंत दोघांना एका टेबलावर जेवता येत नव्हतं. रेडिंग शब्द धरून ओढतो, तोडतो, परत परत म्हणतो, आणि हॉकिन्सने काळ्या श्रोत्यांसमोर ठेवलेलं गाणं १६ वर्षांनी पूर्ण सोल, म्हणजे काळ्या गायकांच्या भावनेने ओथंबलेल्या शैलीतलं, होऊन उभं राहतं.

नंतरही गातच आहेत लोक. लेनर्ड कोहेनने तर गाताना स्वतः एक कडवं लिहून जोडलं, त्याची १९८५ ची मैफलीतली रेकॉर्ड २००४ च्या 'डिअर हेदर' आल्बमवर आहे. नोरा जोन्सने गायलं ते साधं, कुठेही जोर न लावता.

ऐकायचं असेल तर क्रमाने ऐका, एका बैठकीत. आधी किंग आणि स्टुअर्ट, मग कोपास, मग पेज लगेच न लावता हॉकिन्सची रेकॉर्ड शोधा, ती यादीत खाली कुठेतरी असते. मग पेज, कुक, रेडिंग. आणि पुढच्या वेळी या गाण्याचा इतिहास कुणाला सांगाल तेव्हा किंग आणि पेजच्या मधे अर्स्किन हॉकिन्सचं नाव घ्या.